झोळीचा फोटो

घाटघरच्या पुढच्या वाडीला रस्ता नाही. रुपालीच्या आईला ताप चढला, तेव्हा चौघांनी तिला झोळीत घालून धुक्यातून खाली नेलं. मागून चालताना रुपालीनं फोटो काढला. आई वाटेतच गेली. ‘तुमचं गाव, तुमचं म्हणणं पाठवा,’ वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर वाचकांना आवाहन होतं. तिनं फोटो पाठवून लिहिलं, ‘आम्हाला रस्ता द्या.’ दहाव्याच्या दिवशी फोटो ‘पावसाळी सह्याद्री’ या सदरात आला. तिची ओळ गाळली होती. खाली प्रतिक्रियांची रीघ लागली. “लोक काय म्हणत्यात गं?” बापानं विचारलं. “धुकं लई आवडलं म्हणत्यात. इकडं यायचं म्हणत्यात.” “मंग व्हईल रस्ता,” बाप म्हणाला. तिनं खाली लिहिलं, ‘झोळीत माझी आई आहे. ती राहिली नाही.’ एकाचं उत्तर आलं, ‘वाईट वाटलं. गाडी कुठपर्यंत जाते?’ रुपालीनं लिहिलं, ‘घाटघरपर्यंत.’