नऊ ठिपके

"एक दिवस जरी चुकला, तरी काम गेलं," कनकवल्ली पाट्टी म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवते."

शेण्बगम ओट्याच्या पायरीशी उभी होती. शेजारी तिच्या भावाची मुलगी याळिनी. एकवीस वर्षांची, अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता. कुंभकोणमच्या त्या गल्लीत ऊन केव्हाच उतरले होते, तरी हातात छत्री होती.

"तिला ल्यूपस आहे," शेण्बगम म्हणाली. तिने पंचवीस वर्षे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढली होती. आजाराचे नाव कुजबुजत घ्यायची तिला सवय नव्हती. "ऊन चालत नाही. मधूनच सांधे सुजतात, ताप येतो. आठ तास उभं राहणं जमत नाही. पण उजाडायच्या आतलं तासाभराचं काम ती करू शकते."

"साड्यांच्या दुकानातून काढलं ना हिला?"

"हो. झेरॉक्सच्या दुकानातूनही."

"म्हणजे माझा नंबर तिसरा." पाट्टींनी काठी आपटली. गल्लीतले सगळेच त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत, पण दबकून. "माझे गुडघे गेले. अकरा वर्षं जमिनीला हात लावलेला नाही. दारातलं कोलम तांदळाच्या पिठाचं हवं, बाजारच्या रांगोळीची पांढरी पूड नको. नऊ ठिपक्यांच्या नऊ ओळी. एकच रेघ, कुठेही न तुटता निघाली तिथे परत. दारात कोलम दिसलं नाही, की या बायका मी गेले असं धरून रडत येतात. मला अजून जायचं नाही."

समोरच्या दारातून तिलकम हसली. "पाट्टी, आम्ही आधी खात्री करून घेऊ हो!"

"तू? तू तर हार घेऊनच येशील."

घरी जाताना याळिनी म्हणाली, "अत्तै, हे काम गेलं तर चौथ्या दारात मी यायची नाही. पुन्हा कुणापुढे माझ्या दुखण्यांची यादी वाचू नकोस."

"काम जाणार नाही," शेण्बगम म्हणाली.

पाट्टींचे नियम संपत नव्हते. उद्याचे कोलम आदल्या संध्याकाळी वहीत काढून दाखवायचे. वही त्यांच्याकडेच राहणार. वही घेताना त्या याळिनीची बोटे हातात धरून उलटसुलट करून बघत, एकेक पेर दाबत.

"नखं बघते," त्या म्हणत. "पिठाशी काम आहे."

याळिनी साडेचारला जाई, सडा घाली, कोलम काढी आणि सूर्य वर यायच्या आत घरात असे. अकरा दिवस सुरळीत गेले.

बाराव्या दिवशी शेण्बगमला जाग आली तेव्हा पाच वाजले होते. याळिनी पांघरुणात होती. अंग तापले होते, बोटे सुजून मिटत नव्हती. शेण्बगमने पिठाचा डबा उचलला. तिला कोलम येत नव्हते, पण निदान चार रेघा तरी ओढता आल्या असत्या. कोपऱ्यावरून वळून ती पाट्टींच्या दाराशी पोचली आणि थांबली.

सडा ओला होता. कोलम पूर्ण होते. तिने ठिपके मोजले. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ. रेघ मात्र थरथरलेली होती, वळणावळणावर जाड झालेली.

सुजलेल्या बोटांनी रेघ अशीच येणार. पोरगी तापात उठून आली होती, काढून परत गेली होती आणि गुपचूप पडली होती.

आठ वाजता याळिनी दचकून उठली. "अत्तै! कोलम—"

"झालंय. झोप."

याळिनीचे डोळे भरून आले. "तू..."

"एक शब्द बोलू नकोस. गोळी घे."

त्या महिन्यात असे आणखी तीनदा झाले. शेण्बगमने याळिनीला डॉक्टरांकडे नेऊन औषध बदलून आणले, पण पोरीची जिद्द मोडायची नाही, असे तिने ठरवले. अशा दिवशी दूध आणायला जाताना ती फक्त बघून येई. कोलम असेच, थरथरलेले, पण पूर्ण. पाट्टींचे दार लोटलेले असे आणि फटीतून सांधेदुखीच्या तेलाचा वास येई. याळिनीही काही बोलत नसे. संध्याकाळी बोटे जरा मोकळी झाली, की न सांगता शेण्बगमसाठी कॉफी करून आणी.

महिना भरला त्या संध्याकाळी पाट्टींनी दोघींना बोलावले. वही त्यांच्या मांडीवर होती. चार पानांवर लाल पेन्सिलीने फुल्या होत्या.

"हे चार दिवस," त्या म्हणाल्या. "दारातल्या रेघा बघितल्यास का? कोंबडी नाचून गेल्यासारख्या."

शेण्बगम पुढे झाली. "पाट्टी, त्या दिवशी तिची बोटं मिटत नव्हती. अंगात ताप होता. तरी ती आली. तुम्हाला रेघ दिसते, मला तिचं येणं दिसतं. यासाठी काम काढून घेणार असाल तर—"

"अत्तै," याळिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी कुठे आले होते? मी तर उठलेच नव्हते. तू काढलंस ना?"

शेण्बगमने नकारार्थी मान हलवली.

पाट्टींनी वही मिटून याळिनीच्या हातात दिली.

"ज्या संध्याकाळी बोटं आखडलेली असतील, त्या दिवशी वहीत काहीतरी सोपं काढत जा," त्या म्हणाल्या. "नऊ ठिपके या गुडघ्यांना झेपत नाहीत."