संच तापला की

साकुमांनी खटका वर केला. बिनतारी संचाच्या पोटात व्हॉल्व्ह एकेक करून नारिंगी उजळले, मीटरची सुई हलली आणि जरा वेळाने खरखर सुरू झाली. दुपार होती. कुशिरोचं जूनमधलं धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं. उमेकोसान गुडघे मोडून संचासमोर बसल्या होत्या. डोळे मिटून त्या वाट पाहत होत्या.

साकुमा तबकडी फिरवत राहिले. व्लादिवोस्तोककडचा कोणीतरी मोर्समध्ये साद घालत होता. शेजारच्या खोलीत बसून कोणी टेबलावर बोट वाजवावं, इतकं स्वच्छ ऐकू येत होतं. साकुमा मनातून सुखावले.

"पुरता तापला का?" उमेकोसाननी विचारलं.

"तापला की."

"मग आले कसे नाहीत?"

साकुमांनी तबकडी उगाच आणखी थोडी फिरवली. असं काही ऐकायला मिळेल, हे उमेकोसानच्या मुलीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

उमेकोसानचे यजमान किजिमा मास्तर मच्छीमारी शाळेत बिनतारी शिकवत. घरी हा व्हॉल्व्हचा संच घेऊन जगभरच्या हौशी लोकांशी बोलत बसत. ते गेले आणि संच तसाच खिडकीपाशी राहिला. उमेकोसानना मोर्सचं एक अक्षर येत नव्हतं, परवाना तर नव्हताच. तरी रोज दुपारी भांडी आवरली की त्या खटका वर करायच्या, आवाज पार बंद ठेवून समोर थोडा वेळ बसायच्या आणि मग बंद करायच्या. शेजारणीने एकदा विचारलं, तर दूधवाला येतो म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, "तो तापला की हे येतात."

शेजारणीने ते सप्पोरोला मुलीच्या कानावर घातलं. चिझुरुला दोन गोष्टींची धास्ती बसली, आईच्या डोक्याची आणि आगीची. पहिलीवर तिच्यापाशी इलाज नव्हता. दुसरीसाठी तिने वडिलांच्या जुन्या स्नेह्याला, साकुमांना, फोन केला. आई काही बोलली तर मनावर घेऊ नका, म्हणाली. घर पेटणार नाही एवढं बघा.

उमेकोसान संच द्यायला तयार नव्हत्या. शेवटी साकुमांनी स्पष्टच सांगितलं, आतले कपॅसिटर फुगलेत, एक दिवस मोठा आवाज होईल आणि मग तापवायलाही काही उरणार नाही. तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. संच त्यांनी स्वतःच्या हाताने जाड कापडात बांधला. गाडी निघाली तेव्हा फाटकाशी उभ्या राहून खोलवर वाकल्या. त्या आपल्याला वाकल्या की मागच्या सीटवरच्या गाठोड्याला, हे साकुमांना कळलं नाही.

मग सबंध हिवाळा तो संच साकुमांच्या मागच्या खोलीत होता. साकुमा आणि मास्तर यांची मैत्री सगळी हवेतली, बिनतारीवरची. प्रत्यक्षात क्वचितच भेटले, आणि भेटले तेव्हा हवापाण्याखेरीज काही बोलले नाहीत. पण मोर्स वाजवणारा मास्तरांचा हात साकुमा झोपेतही ओळखायचे. त्यांचा 'डा', म्हणजे मोर्समधला लांब ठोका, किंचित जास्तच लांबायचा, उंबऱ्यावर पाऊल घोटाळावं तसा. संचाचं झाकण उघडलं तेव्हा साकुमांना उगाचच परक्याच्या कपाटात हात घातल्यासारखं वाटलं. त्यांनी कपॅसिटर बदलले, जुने डाख उकलून नवे दिले, शेवटच्या टप्प्याचे दोन व्हॉल्व्ह ओळखीपाळखीतून मिळवले. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा 'हे येतात' ते वाक्य डोक्यात होतंच. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

मास्तरांसाठी आता एवढंच करणं आपल्या हाती आहे, असं समजून त्यांनी ते काम केलं होतं. आणि आता तो संच परत आणून खिडकीपाशी मांडला होता, ती बाई समोर डोळे मिटून बसली होती, आणि कोणी येत नव्हतं.

उमेकोसान गुडघ्यांवरच पुढे सरकल्या. झाकणाच्या जाळीतून ऊन हवा वर येत होती, तिथे त्यांनी तोंड नेलं आणि श्वास ओढून घेतला. थांबल्या. पुन्हा घेतला, मघापेक्षा खोल.

"साकुमासान," त्या म्हणाल्या, "तुम्ही हा आतून पुसलात का?"

साकुमा खुलले. पुसला म्हणजे काय, किती दिवस नुसतं तेच केलं, ते सांगू लागले. मास्तर उजव्या हाताने मोर्स वाजवायचे आणि डाव्या हातात सिगरेट, हे ठाऊक होतंच, पण आत धुराचं इतकं साचलं असेल असं वाटलं नव्हतं. तारेतारेवर, ट्रान्सफॉर्मरवर, झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी चिकट थर. स्पिरिट लावून, काड्यांना कापूस गुंडाळून कोपरा न् कोपरा पुसून काढला. फडकी चहात बुडवल्यासारखी झाली.

"आता वासाला म्हणून काही..." साकुमा म्हणाले आणि तिथेच अडखळले.

उमेकोसान रागावल्या नाहीत. त्यांनी जाळीवर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"ती फडकी आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

 काम संपलं त्या संध्याकाळी साकुमांनी ती फडकी एकेक करून बिडाच्या शेगडीत टाकली होती. मग ते झाकणाचे स्क्रू पिळत बसले. तेवढ्यात त्यांची बायको नोबु ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली.

"अहो, कोण आलंय?" तिने विचारलं होतं. "सिगरेटचा वास येतोय."

आणि मान वर न करता साकुमा म्हणाले होते, "कोणी नाही."