टायरची मालीश

घाटात रोहिदासच्या इलेक्ट्रिक गाडीच्या टायरमध्ये खिळा घुसला आणि टायर कण्हायला लागलं. बाजारात जिवंत टायर आल्यापासून कुणी पंक्चर काढत नाही, जखम भरायची वाट बघतात.

सर्व्हिसिंगच्या शेडमध्ये अनसूबाईंनी गाडी चार्जिंगला लावली. खिळा उपसला, पाय लांब करून त्यावर टायर आडवं घेतलं आणि कोमट तेलाची वाटी रोहिदासपुढे सरकवली.

"मावशी, घाई आहे. सकाळी मुलगी झालीय मला."

"मग चोळा की. चाळीस वर्षं गावातली बाळं चोळली मी, आता टायरं चोळते. बिचकताय कशाला?"

"एवढंसं बाळ कधी धरलं नाही."

तो जोरात रगडायला लागला. टायर आखडलं.

"भांडी घासताय का? नुसता तळहात टेकवा. त्याचा श्वास येऊ द्या."

त्यानं हात टेकवला. हाताखाली काहीतरी ऊबदार हळूहळू फुगत होतं, ओसरत होतं. ऊन कधी कललं कळलं नाही. भोक मिटलं होतं.

दवाखान्यात बायकोनं बाळ पुढे केलं. त्यानं आधी तळहात टेकवला, श्वास येऊ दिला, मग उचललं.

"हे कुठं शिकलास रे?"

"टायर पंक्चर झालं होतं," तो म्हणाला.