नुसता ड्रायव्हर

“चाचा, हे सगळं कोणी टाकलं?” फुजैलने मॉनिटरवरची नजर न काढता विचारलं.

“मीच,” अयूबचाचा अभिमानाने म्हणाले. “फैझानने दुबईहून ग्राफिक्स कार्ड पाठवलं, त्याची सीडी घातली आणि नेक्स्ट, नेक्स्ट दाबत गेलो. पोराने प्रेमाने पाठवलंय. सोडायचं कशाला?”

स्क्रीनच्या कोपऱ्यात नऊ चित्रं लुकलुकत होती. मशीनला डीव्हीडी नव्हती, पण ती लावायचा प्रोग्राम आला होता. मोटारींची शर्यत आली होती. दर तासाला वेळ सांगणारा पोपट आला होता. या पाहुण्यांच्या गर्दीत, ज्याच्यासाठी सीडी होती तो, कार्ड चालवणारा ड्रायव्हरच धड बसला नव्हता. रंग उरले होते सोळा. आंब्याच्या पेटीसाठी चाचांच्या मुलीने, अजराने केलेल्या लेबलवर हापूस वांग्याच्या रंगाचा दिसत होता, आणि लेबलं उद्या सकाळी छापायला जायची होती.

खरं तर फुजैलने आज या घरात यायलाच नको होतं. तीन दिवसांपूर्वी त्याच्या मामूने अजरासाठी लग्नाची विचारणा केली होती आणि उत्तर अजून गेलं नव्हतं. उत्तर येईपर्यंत मुलाने राजिवड्याच्या या गल्लीतून सायकलसुद्धा नेऊ नये, असा रिवाज. पण एप्रिल होता. आंब्याच्या हंगामात रिवाज जरा वेळ बाहेर ओट्यावर थांबतो.

रत्नागिरीत फुजैलचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. तो नुसता ड्रायव्हर टाकायचा. सीडी आपणहून बोलायला लागली की तिला गप्प करायचा, आतल्या नेमक्या फोल्डरकडे बोट दाखवायचा आणि बाकीच्यांकडे ढुंकून बघायचा नाही. कुठे आधीच टिक केलेल्या जादा प्रोग्रामांची यादी समोर आलीच, तर एकेक टिक काढून टाकत खाली जायचा. लोकांच्या घरातही हाच नियम. चहा नको, बिस्किट नको, पंखा लावू नका. आईवडील लहानपणीच गेले, वाढला मामूकडे, सात जणांच्या दोन खोल्यांत. कमी जागा घ्यायची सवय तिथलीच.

फक्त या घरातलं मशीन दर खेपेला जरा जास्तच वेळा रिस्टार्ट करावं लागे. का, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक रिस्टार्टला फुफी स्वयंपाकघरातून उगवत आणि त्याच्या बशीत एक गरम सांदण पडे. ते मात्र तो मुकाट्याने खाई.

फुफी म्हणजे चाचांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा झाल्या. अजराची आई गेली तेव्हापासून अजराला त्यांनीच सांभाळलं.

“मान वर करून बस रे,” फुफी म्हणाल्या. “पोक काढून बसलास तर मुलगी कोण देईल?”

मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्या घाईघाईने आत गेल्या.

फुजैल एकेक पाहुणा काढत होता. पोपटाची पाळी आली तेव्हा चाचांनी उसासा टाकला. “तो तरी ठेव. सकाळी सलाम करायचा.”

“चाचा, मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. त्यातली दोन त्याच्या सलामाची.”

पोपट गेला. नुसता ड्रायव्हर बसला. शेवटच्या रिस्टार्टनंतर हापूस पिवळाधमक झाला. टेबलाशी उभ्या अजराने सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात चाचांना राहवलं नाही. “मामू म्हणाला, तुला मुलीबरोबर काहीच नको?”

“नुसती मुलगी,” फुजैल सीडी काढत म्हणाला. “बाकी काही नको.”

चाचांचा चेहरा पडला. कुवेतच्या नोकरीच्या अठरा वर्षांत जमवलेलं सामान माडीवर खोक्यांत बंद होतं. “फ्रिजपण नको?”

“नको.”

“डबल डोअर आहे रे.”

“नको, चाचा.”

“अब्बा,” अजरा म्हणाली, लेबलाकडे बघत, “त्यांना सांगा, फुफी माझ्याबरोबर येणार. नाहीतर मी जाणार नाही.”

आधीची दोन स्थळं याच वाक्यावरून परत गेली होती. दापोलीवाल्यांनी घर लहान असल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी काहीच सांगितलं नाही, चहा मात्र पूर्ण प्याले.

“वेडी आहे ती,” दारातून फुफी म्हणाल्या. हातातला कालथा उगाच पदराला पुसत होत्या. “मी कुठे जाते? मला माझी चूल काय थोडी आहे?”

‘बाकी काही नको’ हे फुजैलचं वाक्य अजून टेबलावरच होतं, सगळ्यांसमोर. अजराने मान खाली घातली.

फुजैलने सीडी पाकिटात घातली. मग आयुष्यात पहिल्यांदा, कोणी विचारायच्या आत, त्याने रिकामी बशी पुढे केली. फुफींच्या दिशेने.

“चाचा, मामूने निरोप उलटा दिला,” तो म्हणाला. “मला मुळात फुफी हव्यात. त्यांच्याबरोबर अजरा आली, तर मी टिक काढणार नाही.”