लाल ठिपका

बिल्डरच्या माणसांनी खाडीकाठच्या तिवराच्या जंगलातलं एकही झाड तोडलं नाही. फक्त मातीचा बांध घालून तिवरांना जगवणारं खाडीचं पाणी अडवलं. तिथले खेकडे, चिंबोऱ्या पकडून श्रीपतकाकांचं घर चालतं. काका फावडं घेऊन बांध फोडायला निघाले. मीच अडवलं.

"काका, उलट तुमच्यावरच केस होईल. सॅटेलाइट वरून बघतोय. जंगल कमी झालं की माझा एआय तिथे लाल ठिपका टाकतो. तोच पुरावा. स्वतः शिकून बनवलाय."

"मग टाकला का ठिपका?"

"अजून नाय. अजून हिरवं दिसतंय. सुकायला लागलं की टाकेल."

"म्हंजे मढं झाल्यावर डॉक्टर येनार!"

तरी काका माझ्या शब्दावर थांबले.

चार महिन्यांनी नकाशावर ठिपका आला. एकदम अचूक जागेवर. मी प्रिंट घेऊन काकांसोबत सरकारी ऑफिसात गेलो. साहेबांनी चष्मा लावून नीट बघितलं.

"तोडल्याची खूण कुठेच नाही. आपोआप सुकलंय," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुमचं मशीन भारी आहे हां. बरोबर सांगतंय, इथे जंगल नाही. मग वाचवायचं काय?"