कुणाच्या घड्या

मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्यावरून माणूस ओळखणारा प्रोग्राम ताईने संशोधनासाठी लिहिला होता. त्यासाठी हक्काचा बकरा म्हणून तिने धाकट्या भावालाही स्कॅनच्या मशीनमध्ये घातलं होतं. गाडी चालवायच्या परीक्षेत दोनदा आपटलेला तो बिचारा आधीच धास्तावलेला.

"ताई, आत रिकामंच निघालं तर?"

"मनाला लावून घेऊ नकोस रे," तिने हसू दाबत त्याची पाठ थोपटली. "घड्यांवरून हुशारी ठरत नाही."

आज प्रोग्रामची तिच्या मार्गदर्शक सरांसमोर कसोटी होती. त्यात तो उतरला तरच प्रबंध पुढे सरकणार होता. सरांनी पडद्यावर बिननावाचे पाच मेंदू मांडले.

"यातला तुझा कोणता? आधी तू ओळख, मग प्रोग्रामला विचारू."

ताईने आढेवेढे न घेता सगळ्यात दाट, रेखीव घड्यांच्या मेंदूवर बोट ठेवलं. प्रोग्रामने मात्र जुन्या स्कॅनशी ताडून पाहून शेजारचा बेतास बात मेंदू तिचा ठरवला, आणि तो रेखीव मेंदू धाकट्याचा.

"सर, प्रोग्राम चुकलाय!" ती बोलून गेली.

सरांनी झाकलेली नावं उघडली. "प्रोग्राम अगदी बरोबर आहे. अभिनंदन, लाग प्रबंधाला."

घरी तिने पडलेल्या चेहऱ्याने ही आनंदाची बातमी सांगितली. धाकट्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हळूच तिची पाठ थोपटली.

"मनाला लावून घेऊ नकोस गं ताई. घड्यांवरून हुशारी ठरत नाही."