काकांच्या बंदुकीवरच्या खाचा

"मोजून घ्या, मिस्त्री. एक खाच, एक माणूस!" दादाने बंदूक टेबलावर ठेवली आणि तिच्या लाकडावरच्या एकेका खाचेवरून असं बोट फिरवलं, जणू त्या त्यानेच पाडल्या होत्या.

बहिणीने तोंड फिरवलं. काकांना जाऊन महिना झाला होता. आईबापांविना या दोघांना काकांनीच वाढवलं. चष्म्यांचं छोटंसं दुकान होतं त्यांचं. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर उचलून खिडकीबाहेर सोडायचे आणि वर त्याला "सांभाळून जा रे" म्हणायचे. तरुणपणी लढाईवर जाऊन आले, एवढंच घरात ठाऊक. त्याबद्दल विचारलं की त्यांना हटकून काहीतरी काम आठवायचं.

आणि माळा आवरताना ही बंदूक निघाली. दादाला कोण अभिमान! बैठकीत काचेची पेटी, आत बंदूक, खाली पाटी. पाटीवरचा मजकूरही त्याने ठरवून टाकला. तिला मात्र काकांच्या फोटोकडे बघवेना. लढाईत माणसं मारावी लागतात, ते तिला कळत होतं. पण ती मोजायची? ज्या हातांनी तिच्या वेण्या घातल्या, त्याच हातांनी खाचा पाडून? ही बंदूक घरात राहिली तर मी पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही, असं तिने निक्षून सांगितलं. शेवटी बंदूक कसली ते जाणकाराला विचारू, मग काय ते बघू, या बोलीवर दोघं मिस्त्रीच्या दुकानात आले होते.

मिस्त्रीची उभी हयात पलटणीतली हत्यारं दुरुस्त करण्यात गेली होती. त्याने आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग चष्मा कपाळावर चढवून नळीजवळचा शिक्का चिंधीने पुसला.

"लढाईतलीच आहे. साध्या शिपायाला द्यायचे ती." त्याने बंदूक उलटी केली आणि खाचांवरून नख फिरवलं. "पण मोजायच्या खाचा माणूस एकीशेजारी एक पाडतो. या वीत-वीतभर अंतरानं का? पार पुढपासून दस्त्यापर्यंत?"

दादा वाकून खाचांमधलं अंतर वितीने मोजू लागला.

"कडा बघा, किती गुळगुळीत झाल्यात. दोर घासलाय इथं."

मिस्त्रीने कोपऱ्यातली दुसरी बंदूक आणून हिच्या शेजारी, हातभर अंतरावर ठेवली. सुतळी घेतली आणि बुटाची नाडी ओवावी तशी या बंदुकीवरून त्या बंदुकीवर ओवत गेला. काकांच्या बंदुकीवर प्रत्येक वेढा खाचेत बरोब्बर बसला.

"खाच नसेल तर दोर सरकतो," तो म्हणाला, "आणि वरचा माणूस खाली पडतो."

"कुठला माणूस?" दादाने विचारलं.

"जखमी. स्ट्रेचर संपले की असंच करून आणायचे."

बहिणीच्या डोळ्यांना धार लागली. काकांचा इतका अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता, आणि आपण त्यांच्याबद्दल काय-काय मनात आणलं, याची लाजही तेवढीच वाटली. दादा बहुधा पाटीचा मजकूर मनातल्या मनात खोडत असावा.

"किती जणांना आणलं असेल हो त्यांनी?" तिने डोळे पुसत विचारलं.

मिस्त्रीने सुतळी सोडली. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून ती खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बंदूक दोन्ही हातांनी अलगद तिच्यापुढे केली. तिनेही पाहिलं. पलीकडचा उजेड पुरता गोल नव्हता, एका बाजूने कापल्यासारखा दिसत होता.

"आकडा नाही सांगता येणार, ताई," मिस्त्री म्हणाला. "पण ही नळी पोलादाची आहे, आणि ती वाकलीय. एक-दोन माणसांच्या वजनानं नाही वाकत ती."